फोनपुढं ह्यांचं नाव

मंगळवार, संध्याकाळ

म्हणे तोंडानं सांगितलं की फोन ऐकतो! डोंबल ऐकतो. मी चार वेळा म्हटलं, "ह्यांना फोन लाव." तर मलाच विचारतो, कोणाला लावू? "पिंकीच्या पप्पांना" म्हटलं, तर पिंकीलाच लावला, तिच्या सासरी. कार्टी हसत सुटली. "आई, पप्पांचा नंबर मी नावानं टाकलाय. नाव घे की!" सव्वीस वर्षांत उखाण्याशिवाय घेतलं नाही, इथं वहीतसुद्धा लिहवत नाही, आणि ह्या डबड्यापुढं घेऊ?

दीड महिना झाला, लासलगावचा कांदा भरून ट्रक घेऊन गेलेत. एक माल उतरवला की दुसरा भरतात, घर काही आठवत नाही.

शेवटी दार लावलं आणि घेतलं नाव, नुसतं, सरळ. फोन लगेच लागला. ह्यांनी उचललाच नाही. मग फोन बाजूला ठेवून नाव परत दोनदा घेतलं. का घेतलं? लय बरं वाटलं, म्हणून.

आता त्या फोनलाच बोलून निरोप लिहायला लावलाय: अहो, घरी कधी येताय ती तारीख शनिवारपर्यंत कळवा. "बघू" चालणार नाही.