मागची फळी तयार आहे

२७ एप्रिल, रविवार
अमेरिकन फुटबॉलच्या प्रो संघांची, कॉलेजांतून नवे खेळाडू घ्यायची निवड संपली. तीन दिवस टीव्हीसमोर बसलो. माझ्या केंडेरियस मोझलीचं नाव आलं नाही. संध्याकाळी उत्तरेकडच्या एका संघाचा त्याला फोन आला. शिबिराला ये, जमलं तर ठेवू. निवडीपेक्षा हे बरं. निवडलेल्यांना माज येतो.

टीव्हीवर टाय लावलेला एक माणूस म्हणाला, हल्ली कॉलेजांतून मागच्या फळीची मुलं कच्ची येतात, पळतात झकास, पण समोर काय चाललंय ते कळत नाही. किळस आली. समोरचा झेल घेणारा गडी सुटू द्यायचा नाही, एवढंच मागच्या फळीचं काम. मी ते एकोणीस वर्षं शिकवतोय. माझा एकही मुलगा प्रोमध्ये टिकला नाही, ते वेगळं. त्याला नशीब लागतं.

आमचा मुख्य कोच हचिन्स म्हणाला, ड्वेन, हा पोरगा टिकला तर सगळा बचाव तुझ्या हातात देतो. नाही टिकला तर बसून बोलू.
बसायची वेळ येणार नाही.

संकल्प: जुलैच्या प्रशिक्षक मेळाव्यात भाषण. विषय, ‘मागची फळी: कॉलेज ते प्रो’. शिवाय ओठाखालची तंबाखू बंद.

३० एप्रिल
माझे आणखी दोन खेळाडू दुसऱ्या कॉलेजात गेले. एक टेक्सासला, एक फ्लोरिडाला. एकाने निरोपाचा मेसेज पाठवला, त्यात माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं. आणि प्रोवाले विचारतात, तुम्ही चार वर्षं मुलांना शिकवता काय? मुलगा एक हिवाळा थांबत नाही. शिकवायचं कधी?
तंबाखू सोमवारपासून.

१० मे, शनिवार, दुपार
केंडेरियसचा शिबिरातून फोन. म्हणाला, कोच, इथे फलक नाहीत.

मला आधी कळेचना. आमच्याकडे प्रत्येक डावाआधी पोरं मैदानाबाहेर माझ्याकडे बघतात. मी पुठ्ठ्याचा फलक उंच धरतो. मगर म्हणजे एकाने एकाला धरायचं. तवा म्हणजे मागे सरकून जागा राखायची. चित्रं माझ्या बायकोने, व्हर्लीनने, रंगवलीत. पोरांनी डोकं चालवायचं नाही, तोंड उघडायचं नाही. डोकं मी चालवतो. गेल्या मोसमात इतकी शांत मागची फळी अख्ख्या मिसिसिपीत नव्हती.

तिथे म्हणे एकाच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो आणि मग सगळे एकमेकांवर ओरडतात. तू घे, मी घेतो, तो आत वळतोय. बाजाराच्या दिवशी कोंबडीवाले ओरडतात तसं. केंडेरियसने पहिल्याच डावाला सवयीने बाहेर बघितलं. बाहेर पाणी देणारा उभा. मान वळवेपर्यंत त्याचा गडी पार टोकाला. त्यांचा मागच्या फळीचा कोच बार्टोश म्हणाला, कोणाला शोधतोयस, आई आलीय का?

मी सांगितलं, बघत राहा. ती शिस्त आहे. हसणारे हसतील.
मध्येच फोन कटला. नेटवर्क खराब असावं.

१९ जून
केंडेरियस सुट्टीवर आला. जेवायला बोलावलं. व्हर्लीनने मासे तळले. तो म्हणाला, कोच, मला ओरडायला शिकवा, माझा आवाजच फुटत नाही, तीन वर्षं गप्प राहून घसा गंजलाय. मी म्हटलं, आधी नवे फलक बघ. अकरा केलेत. त्याने सगळे बघितले. रंग छान आहेत म्हणाला.

फलक कपाटात ठेवून परत येतो तर अंगणात दोघं उभी. केंडेरियस आणि व्हर्लीन, एप्रनसकट. ती त्याला सांगत होती, अरे लाजतोस काय, चर्चमध्ये गातोस ना, तिथून काढ आवाज. मग दोघं मागे सरकत ओरडायला लागली. आत, आत, माझा, तुझा, सोड त्याला, मी आहे. शेजारचा म्हातारा मॅकइन्व्हेल बंदूक घेऊन पोर्चवर आला. त्याला वाटलं कोणी तिला धरलंय.

केंडेरियस गेल्यावर व्हर्लीन म्हणाली, तो तुला काहीतरी मागत होता, ड्वेन. मी म्हटलं, मी दिलं. ती म्हणाली, तू त्याला मगर दाखवलीस.
घरातच असं असेल तर बाहेर काय बोलायचं.

१२ जुलै, जॅक्सन
भाषण झालं. छोटी खोली मिळाली. मोठ्या खोलीत गुडघ्याच्या पट्ट्या आणि बूट विकणारे होते. मुद्दा स्पष्ट मांडला: मुलगा माझ्याकडून जातो तेव्हा तो पूर्ण तयार असतो. पुढे प्रोवाले त्याला बिघडवतात.

प्रश्नोत्तरांत मागून एकाने विचारलं, कोच प्रुइट, तुमचा सध्या प्रोमध्ये कोण आहे? मी म्हटलं, केंडेरियस मोझली. तो म्हणाला, म्हणजे शिबिरात आहे. मी म्हटलं, तेच. कोणीतरी हसलं. बूटवाल्यांच्या खोलीतून असावं.
परतीच्या वाटेवर एक चिमूट घेतली. प्रवासात मोजत नाही.

२९ जुलै, उत्तरेकडे, मोटेल
गाडी चालवत आलो. इथे चहात साखर नसते. मागितली तर पुडी देतात.

शिबिर बघितलं. केंडेरियस ओरडत होता. ऐकवेना. मी कुंपणापाशी उभा राहून हात वर केला, मगरीची खूण. त्याने बघितलं. त्याच क्षणी त्याचा गडी सुटला. तेवढ्यात बार्टोश माझ्याजवळ आला. जाडा, खांद्यात वाकलेला, स्वतः नऊ मोसम खेळलेला. म्हणाला, साहेब, तुम्ही कोण? मी सांगितलं. तो म्हणाला, अच्छा, फलकवाले तुम्ही.
इथपर्यंत माझं नाव पोचलंय.

मग म्हणाला, पोरगा गुणी आहे, पाय सुरेख आहेत, पण प्रत्येक वेळी अर्धा क्षण थांबतो, कोणीतरी सांगेल म्हणून. तुम्हा लोकांकडून असे दरवर्षी येतात. पहिला महिना माझा विसरायला लावण्यात जातो. मी म्हटलं, तुम्ही मुळात शिकवणारे नाही, तयार माल मागता. तो म्हणाला, तयार नको, कच्चा द्या, कच्चा चालेल, शिजवून जाळलेला देऊ नका. आणि कृपा करून कुंपणापाशी हात वर करू नका.

गर्विष्ठ माणूस. पाय सुरेख म्हणाला, ते मात्र खरं. पाय मीच घडवले.

९ ऑगस्ट, शनिवार
पहिला सराव सामना. केंडेरियस एकदाही बाहेर बघत नाही. त्याच्या बाजूला समोरच्या संघाने चेंडू टाकणंच सोडून दिलं. शेवटी निवेदकाने त्याचं नाव घेतलं, आमच्या कॉलेजचंही घेतलं, चुकीच्या राज्यात टाकून का होईना.

हचिन्सचा फोन. ड्वेन, पोरगा टिकतोय की रे. मी म्हटलं, पाया पक्का आहे. बचाव हातात आल्यावर काय काय बदलायचं त्याचा विचार सुरू. फलक मोठे करायचे.

केंडेरियसला चार वेळा फोन केला. उचलला नाही. एकाग्रता. हेही माझ्याकडूनच गेलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार, रात्री नऊ
शेवटचा सराव सामना. यानंतर खेळाडूंची यादी कापतात. कोंबडीच्या हॉटेलात अर्धं गाव जमलं. हचिन्स माझ्या टेबलाला.

तिसऱ्या सत्रात केंडेरियसने चेंडू पकडला. समोरच्यांनी आपल्या गड्याकडे फेकलेला, मध्ये झेपावून. जवळपास कोणी नाही. घसरला, गुडघे टेकले, लगेच उठला. चेंडू अलगद गवतावर ठेवला आणि पळत मैदानाबाहेर निघाला. नाच नाही, छाती बडवणं नाही. माझा नियम: चेंडू ठेवायचा, निघायचं. हॉटेल उठून उभं राहिलं. हचिन्सने माझ्या पाठीत थाप मारली.

पंचाची शिट्टी वाजलीच नाही. त्यांच्यातल्या एकाने चेंडू उचलला आणि सगळं मैदान पार करून गेला. पंचांनी टचडाउन दिला, सहा गुण.

मी ओरडलो, गुडघा टेकला, डाव संपला, आंधळे आहेत का. कोणी साथ दिली नाही. व्हर्लीन हळूच म्हणाली, प्रोमध्ये नुसता गुडघा टेकून डाव संपत नाही, ड्वेन, समोरच्याने हात लावावा लागतो. आपल्या कॉलेजात संपतो, त्यांच्यात नाही. काउंटरवरची बाई म्हणाली, हे तर माझ्या सासूलाही माहीत आहे.

हचिन्सने विचारलं, हे तू त्याला सांगितलं नव्हतंस?
तो त्यांचा नियम आहे. मूर्ख नियम. त्यांचे नियम मी का शिकवू? मी त्यांचा नोकर नाही.

२३ ऑगस्ट
ती चित्रफीत सगळीकडे फिरतेय. कोणीतरी खाली मजेचं संगीत लावलंय. एका डावावरून माणसाची परीक्षा करतात. किळसवाणं. तंबाखूचा नवा डबा.

२६ ऑगस्ट, मंगळवार
केंडेरियसला काढलं. त्याने स्वतः फोन केला, मला नाही, व्हर्लीनला. बार्टोशने म्हणे त्याला खोलीत बसवून सांगितलं, तुला शिकवायला मला आणखी एक वर्ष हवं होतं, ते माझ्याकडे नाही, कॉलेजात तुझ्याकडे तशी तीन वर्षं होती. व्हर्लीन स्वयंपाकघरात उभी राहून रडली.
मी म्हटलं, बघ, मी म्हणत होतोच, हे लोक शिकवत नाहीत. ती दुसऱ्या खोलीत गेली.

२८ ऑगस्ट, सकाळी
हचिन्सने बोलावलं. बसलो.

म्हणाला, मागची फळी उद्यापासून केंडेरियस बघेल. मी म्हटलं, तो तर नापास होऊन आलाय. हचिन्स म्हणाला, हो, पण त्याला काय येत नाही, ते त्याला तोंडावर सांगितलं गेलंय. तुला कोणी सांगितलं नाही, ड्वेन, त्यात माझीही चूक आहे. पगार तोच राहील. तुला नवीन काम देतो. पोरं वर्गात बसतात की नाही ते बघायचं. सकाळी आठचं जीवशास्त्र, मागची फळी सगळी त्यात आहे.

विचार केला. तसं बघितलं तर हीच खरी तयारी. मन घडवणं. प्रोवाल्यांना हे सुचणार नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार
आठला दहा कमी असताना वर्गाबाहेर उभा राहिलो. पोरं वेळेवर आली, जोरजोरात बोलत. काल सरावात कोणी काय ओरडलं त्याच्या नकला करत होती. मला बघून गप्प झाली. एकेकाने गुड मॉर्निंग कोच म्हटलं आणि आत गेला. आत गेल्यावर पुन्हा बोलणं सुरू.

शिकवणाऱ्या बाई तरुण आहेत. म्हणाल्या, कोच, आत बसताय की दार लावू?
मी म्हटलं, मी लावतो.
बाहेरून लावलं.