आखाजीच्या आत इंजिन

२ मार्च, रविवार. सकाळी ७.
आजपासून इंजिन.

गाडी शिरपूरच्या एका डॉक्टरच्या पोराकडून घेतली. लाल, दोन लिटर, टर्बो. कंपनीचं नाव इथेसुद्धा लिहीत नाही, नजर लागते. धूर निळा येतो. म्हणजे ऑइल जळतंय, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. एका नजरेत ओळखलं. गॅरेजला अजिबात द्यायची नाही. कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये वीस वर्षं असिस्टंट म्हणून काढलीत. इंजिन म्हणजे शेवटी काय, थर्मोडायनॅमिक्स.

टार्गेट आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३० एप्रिल. आई गेल्यानंतरची पहिली आखाजी. तिच्या नावाची घागर भरायची, त्याला माझी बहीण कोकिळा अक्का हवीच. अक्का सोनगीरला दिलेली. माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय ती निघायची नाही आणि मी जाणार तो याच गाडीने. फोन करून शब्द दिला. ती म्हणाली, एसटीने आलास तरी चालेल. हसलो नुसता.

बायकोने, ज्योतीने विचारलं, तुम्हाला जमेल का. शांतपणे सांगितलं, जमेल. कप भिंतीवर गेला तो हातातून निसटून.

९ मार्च, रविवार.
इंजिन बाहेर काढलं! म्हणजे निघालं.

पोर्चच्या स्लॅबला झोक्याचा हूक आहे. आखाजीला बायका झोका बांधतात तो. त्याला साखळी-कप्पी लावून इंजिन वर उचललं. गणित आधीच केलं होतं: इंजिन दीडशे किलो, हूक लोखंडाचा, लोखंडाची ताकद अमुक. स्लॅबची ताकद धरायची राहिली. हूक स्लॅबच्या ढपल्यासकट खाली. इंजिन फरशीवर, फरशीचे चार तुकडे, एक तुकडा माझ्या नडगीवर. रक्त बरंच आलं. ज्योती किंचाळली. मी किंचाळलो नाही. साखळी अंगणात फेकली ती जागा मोकळी करायला.

एक मात्र झालं, इंजिन गाडीतून सुटलं. कामाचा पहिला टप्पा वेळेत.

१४ मार्च, धुळवड.
हेडचा एक बोल्ट निघेना. प्रथम प्रेमाने. मग पान्याला चार फुटी पाइप लावून. मग घण. शेजारचे बन्सीलालकाका कंपाउंडवरून डोकावून म्हणाले, रवींद्रा, सणाच्या दिवशी तरी ठोकाठोक बंद ठेव.

माणूस एकाग्र असताना मध्ये बोलू नये, एवढीच माझी अपेक्षा. पाना हातातून सुटला आणि त्यांच्या पाण्याच्या टाकीत घुसला. टाकी प्लास्टिकची. रंग खेळायला सगळ्या गल्लीला पाणी झालं. कुणी आभार मानले नाहीत.

बोल्ट तुटला. म्हणजे निघाला.

२३ मार्च, रविवार. दुपारी.
संपूर्ण इंजिन सुटं. बठ्ठं! काय ते सौंदर्य. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाचा कणा. त्याला पाच टोप्या जखडून धरतात आणि पिस्टनच्या चार दांड्यांना चार. एकूण नऊ. प्रत्येक टोपी आपल्याच जागेवर बसली पाहिजे, दुसरीकडे चालत नाही. व्हिडिओतला माणूस त्यांच्यावर खुणा करतो. मला गरज नाही. गच्चीवरच्या खाटेवर जुनं लुगडं अंथरून क्रमाने मांडल्या. सिस्टिम असली की खुणा लागत नाहीत.

अक्काला फोटो पाठवला. तिने विचारलं, हे परत जोडता येतं का रे.

६ एप्रिल, रामनवमी.
लिहिताना पेन मोडलं. रागाने नव्हे.

गच्चीवर गेलो तर खाटेवर बिबडे! ज्वारीचे पापड, पांढरेशुभ्र, ओळीत, वाळत घातलेले. नऊ टोप्या कोपऱ्यात घमेल्यात, एकावर एक. ज्योती म्हणते, आखाजीच्या आधी बिबडे नको का घालायला, अक्काला न्यायला द्यायचेत, आणि तुमचं लोखंड मी नीट पुसून ठेवलंय. पुसून!

खाट गच्चीवरून खाली गेली. मी फक्त तिरपी केली होती. बिबडे बन्सीलालकाकांच्या अंगणात, खाटेचा एक पाय त्यांच्या स्कूटरच्या सीटमधून आरपार. ज्योती म्हणाली, दोन दिवस रात्रंदिवस राबले होते मी. अहो, पण माझ्या टोप्यांची जागा गेली त्याचं काय?

रडत होती. मीच पडतं घेतलं आणि तिला माफ केलं.

१३ एप्रिल, रविवार.
टोप्या बसवल्या. अंदाजाने, पण अंदाज वीस वर्षांचा. बोल्ट मोजून आवळायचा टॉर्क रेंच नाही. त्याची गरज त्यांना, ज्यांना फिजिक्स येत नाही. लॅबमधला स्प्रिंग बॅलन्स आणून पान्याच्या टोकाला अडकवला आणि खेचला. बल गुणिले अंतर. स्प्रिंग तुटून कपाळावर बसली. तीन टाके. डॉक्टर विचारत होता, घरी भांडण झालं का. चौथ्यांदा आलोय म्हणून विचारतो म्हणे.

क्रँक फिरत नाही. जाम.

१४ एप्रिल, सोमवार. सुटी.
क्रँक फिरवला!

घणाने नाही फिरला. पाइप लावून नाही. शेवटी उघडून जिथे घासतंय तिथे कानस मारली. दीड तास. आता लोण्यासारखा फिरतो. थोडा सैल वाटतो, पण तेल गेल्यावर भरून येईल. दांडीच्या टोपीचा एक बोल्ट आवळताना तुटला, त्या जागी कूलरच्या स्टँडचा घातला. जाडी तंतोतंत तीच. स्क्रू गेजने मोजली.

या माणसाच्या हातात देशाने काहीतरी मोठं काम द्यायला हवं होतं.

२० एप्रिल, रविवार. संध्याकाळी.
आज आधार मेहुणे आले होते. अक्काचे मिस्टर. सोनगीरला हायवेवर त्यांचं गॅरेज आहे, ट्रक, ट्रॅक्टर वगैरे. ज्योतीने मला न विचारता फोन केला होता. शंभर किलोमीटर मोटरसायकलवर आले, पाणीसुद्धा प्यायले नाहीत, थेट इंजिनाशी. खाली वाकून पाहिलं. हाताने क्रँक फिरवला. मग म्हणाले, टोप्या बठ्ठ्या उलट्यापालट्या शेतस. कानस कोणी मारी? मग कूलरचा बोल्ट पाहून ते हसले.

हसले नसते तर काही झालं नसतं.

मारलं असं म्हणता येणार नाही. मी हात बाजूला केला, मध्ये त्यांचं नाक आलं. हातात पाना आहे हे माझ्या लक्षात नव्हतं. आवाज झाला, सुपारी फुटावी तसा. शर्ट छातीपर्यंत लाल. मला वाटलं ते उलटून मारतील, मी तयारीत होतो. त्यांनी मारलं नाही. खिशातून रुमाल काढला, चौकोनी घडी घातली, नाकाला लावला, ज्योतीला म्हणाले, येतो ताई. आणि एका हाताने मोटरसायकल चालवत गेले.

ज्योतीने फरशी पुसली. फिनाईल घालून तीन वेळा. हे तिचं नेहमीचंच, ऐनवेळी साफसफाई.

२१ एप्रिल, सोमवार.
अक्काचा फोन. नाकाचं हाड मोडलंय. धुळ्याला दाखवलं.

मी परिस्थिती समजावून सांगायला लागलो. ती म्हणाली, ऐक. आईची घागर आहे म्हणून मी येईन. पण तू स्वतः येशील, दारात उभा राहशील, त्यांच्याशी बोलशील. त्याशिवाय मी या घराचा उंबरठा ओलांडायची नाही, घागर राहिली तर राहिली. मग फोन ठेवला.

ज्योती म्हणाली, उद्याच्या उद्या एसटीने जा आणि पाया पडा. बायकांना टायमिंग कळत नाही. इंजिन चालू करून गेलो तर मेहुण्यांचा राग आपोआप जाईल. शेवटी मेकॅनिक माणूस. टर्बोचा आवाज ऐकला की विरघळेल.

२७ एप्रिल, रविवार.
इंजिन गाडीत. हूक राहिला नाही म्हणून बाजार समितीतले चार हमाल आणले. एकाचं बोट चेमटलं. दुसरा मला अहिराणीत काय काय बोलला ते इथे लिहीत नाही. मी कॉलर धरली, त्याने मला बॉनेटवर आपटलं. बॉनेटला माझ्या खांद्याच्या आकाराचा खळगा. जोडणी पूर्ण. सगळं बसवून पाच नटबोल्ट शिल्लक. कंपन्या उगाच वजन वाढवतात.

प्लॅन: २९ ला सकाळी स्टार्ट, मेहरूण तलावाला दोन फेऱ्या, मग सुसाट सोनगीर. संध्याकाळी अक्का घरी. ३० ला घागर.

ज्योतीने नवी घागर आणली, कुंभाराकडून. दोन वेळा वाजवून पाहिली.

२९ एप्रिल, मंगळवार. सकाळी ९.
नारळ फोडला. गाडीला हार. ज्योतीला किचनच्या दारात उभं केलं, तिने बघावं म्हणून. चावी फिरवली.

चालू झालं! देवा शप्पथ चालू झालं. ॲक्सिलरेटर दिला. तीन हजार. चार हजार. काय आवाज!

सकाळी ११.
तटस्थपणे लिहितो. अकरा सेकंद चाललं. मग आतून कुणीतरी घण घालावा तसे तीन ठोके, आणि पिस्टनची एक दांडी इंजिन फोडून बाहेर. मुठीएवढा तुकडा किचनच्या चौकटीत घुसला. ज्योतीच्या कानापासून चार बोटं. उकळतं ऑइल भिंतीवर, हारावर, माझ्या हातावर. कातडी निघाली.

कूलरचा बोल्ट असणार. हल्ली कूलर फार हलके बनवतात.

ज्योती खाली बसली होती. दोन्ही हात कानांवर. मी म्हणालो, लागलं नाही ना, मग? ती माझ्याकडे बघत होती. बायको नवऱ्याकडे बघते तसं नाही. कुत्रं सुटल्यावर त्याच्याकडे बघतात तसं. मला ते अजिबात आवडलं नाही. हातात हातोडी होती, ती खाली ठेवली. का ठेवली माहीत नाही.

दुपारी १.
ती पिशवी भरून गेली. म्हणाली, अक्काला मी आणते. उत्तम. कामं वाटून घेतली पाहिजेत.

संध्याकाळी ७.
ज्योतीचा फोन. येत नाहीये. अक्काही नाही. अक्काने तिला सांगितलं म्हणे, आखाजीला तुझं माहेर इथेच. पुढे ज्योती म्हणाली, आज तो तुकडा मला लागला असता तर तुम्ही बोल्टला शिव्या दिल्या असत्या.

मी म्हणालो, बोल्टचीच चूक आहे. फोन बंद झाला होता.

३० एप्रिल, आखाजी. सकाळी ६.
घरात कुणी नाही. सगळ्या गल्लीत पुरणाचा वास. पोर्चमध्ये ऑइलचा.

घागर मीच भरायला घेतली. विधी काय तो मला येतो. पाणी ओतलं आणि बघतो तर वर काळा तवंग. दोन महिन्यांचं ऑइल नखांत, भाजलेल्या हातांना साबण लावता येत नाही. ओतून दिलं. परत भरली. परत तवंग. तिसऱ्यांदा भरली आणि रडू आलं, एकदम, पोरासारखं. आईला हे पाणी कसं देऊ? डोळ्यासमोर घण होता. मी घणाकडे गेलो नाही.

ज्याने हाड मोडलं तो मी. पान्याने नाही मोडलं. हे लिहायला दहा दिवस लागले.

सकाळी ८.३०, जळगाव स्टँड.
एसटीत आहे. घागर रिकामी करून, फडक्यात बांधून बरोबर घेतली. सोनगीरला भरू. मेहुणे दारात घेतील तर.

सकाळी १०.१०, पारोळ्याच्या अलीकडे.
बस बंद पडली. खालून खडखड झाली, धूर आला, उभीच. बसमध्ये निम्म्या माहेरवाशिणी, पोरं, टोपल्या, आंबे. ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, कोणाला इंजिनातलं काही कळतं का.

सगळे माझ्या हातांकडे बघायला लागले, नखं काळीकुट्ट ना. मी म्हणालो, मला काही कळत नाही.

सकाळी १०.४०.
अक्काला फोन केला की उशीर होईल, बस बंद पडली. फोन मेहुण्यांनी घेतला. आवाज नाकातून येत होता. मला वाटलं शिव्या घालतील. म्हणाले, घागर दुपारपर्यंत चालते, सावलीत बस, कुठे जाऊ नको, मी घ्यायला येतो. पन्नास-पंचावन्न किलोमीटर. त्या नाकाने, या उन्हात.

निंबाखाली बसलोय, घागर मांडीवर. शेजारी एक म्हातारी आहे, तिचा भाऊ पारोळ्याहून तिला न्यायला येतोय. तिने मला विचारलं, तुले कोण लेवाले ई ऱ्हायनं. मेहुणे, म्हणालो. ते बरं, म्हणाली.

तासाभरात पोचतील. काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.