विषय: पंकजाची महत्त्वाकांक्षा

२४ मार्च
पंकजाची बारावी संपली. तिला पुण्याच्या डिझाईन कॉलेजात जायचंय. जागा तीस, आणि निवड फक्त एका प्रश्नावर: 'पुढच्या दहा वर्षांत तुम्हाला काय करून बघावंसं वाटतं? मनापासून लिहा. मराठी चालेल.' पोरगी टेन्शनमध्ये नखं खातेय. म्हटलं, बाळ, तुझा बाप बावीस वर्षं ग्रामसेवक आहे. माझ्या हातचा अर्ज पारनेर तालुक्यात कधी परत आलेला नाही. (एकदा आला होता. साहेब नवीन होते.) निबंध मी बघतो. ती काहीतरी सांगणार होती, पण मला मीटिंगला जायचं होतं.

२६ मार्च
प्रश्नाचा बारकाईने अभ्यास केला. 'काय वाटतं' असं मोकळं विचारतात, तेव्हा उत्तर वरून ठरलेलं असतं. आपण ते ओळखायचं. 'मनापासून' म्हणजे स्टॅम्पपेपर नको, साध्या कागदावर चालेल. मर्यादा पाचशे शब्द, म्हणजे सातशे खपतात.

२९ मार्च, शनिवार
उत्तर ओळखलं. पाणलोट! पंकजाला हिवरे बाजारला नेलं, हातात फावडं देऊन बांधावर फोटो काढला. म्हणाली, पप्पा, मला पाण्याचं काही करायचं नाहीये. समजावलं, की तुला काय करायचंय हा प्रश्नच नाही. रेश्मा म्हणाली, अहो, प्रश्न तोच तर आहे! बायकोला शासकीय भाषा कळत नाही. उद्या पाडवा. उद्यापासून अजिबात चिडायचं नाही.

३० मार्च, पाडवा
चिडलो. कारण शेजारचे शलमोन सर, रिटायर्ड इंग्रजी शिक्षक. मसुदा दाखवला. विषय, संदर्भ, महोदय, आपली विश्वासू. सोबत रहिवासी दाखला आणि सरपंचांचं शिफारसपत्र. एवढे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग विचारतात, भाऊसाहेब, ह्यात पोरगी कुठंय? दाखवलं. तिसऱ्या पानावर, अर्जदाराची सही.

५ एप्रिल
आज मुदतीचा शेवटचा दिवस. पंकजाने दार लावून फॉर्म भरला. शिफारसपत्र अपलोड झालं का? म्हणाली, सगळं झालं पप्पा. शिक्का नीट उमटलाय का? हो म्हणाली. पोरगी गुणाची. उद्यापासून चहा बिनसाखरेचा.

१४ मे
निवड झाली!! ऑफिसात पेढे वाटले. सरपंच म्हणाले, भाऊसाहेब, लई भारी लिवलं तुमी. मी नम्रपणे खाली बघितलं. चहाचा निर्णय स्थगित. गावातल्या आणखी दोघांचे निबंध हाती घेतलेत. एकाला पाणलोट, दुसऱ्याला सौरऊर्जा. त्यांना काय हवंय ते विचारलं नाही, पोरं उगाच गोंधळतात.

२१ जून, पुणे
पालकांसमोर निबंधवाचन. पहिल्या रांगेत बसलो. शेजारच्या गृहस्थांना सांगून ठेवलं, पाणलोटाचा येईल तो नीट ऐका, तो आपल्या हातचा आहे.

पंकजा उठली. पाणलोट नाही, महोदय नाही, काहीच नाही. वाचायला लागली, की आमच्या ओट्यावर रोज माणसं कागद घेऊन बसतात. शेजारच्या आक्काबाईंना पेन्शनच्या अर्जासाठी चार खेपा पडल्या, दर वेळी नवा रकाना चुकला. माझ्या पप्पांना अभिमान आहे, की त्यांच्याशिवाय गावात एकही अर्ज भरला जात नाही. मला दहा वर्षांत असा अर्ज तयार करायचाय, जो आक्काबाई पप्पांना न विचारता भरतील.

टाळ्या थांबेनात. चार खेपा मोजल्या होत्या पोरीने. मी नव्हत्या मोजल्या. वाईट वाटलं, खरंच फार वाईट वाटलं. आणि पोरगी किती सुंदर वाचत होती!

शेजारचे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, काय मुलगी आहे हो! हिचे ते पप्पा आलेत का?

म्हटलं, नसतील आले. रजा मिळाली नसेल.

तेवढ्यात पंकजा स्टेजवरून उतरून सरळ आमच्याकडे आली आणि म्हणाली, पप्पा, आवडलं का?