राजाचा धाकटा भाऊ

१४ नोव्हेंबर २००९, शनिवार
आजपासून कुणालाही मारायचं नाही. ठरलं म्हणजे ठरलं.
ग्वेल्फचं कॉलेज सोडून वर्ष झालं. बाबा अजून सगळ्यांना सांगतात की जयदीप ‘ब्रेक’वर आहे. मी ब्रेकवर नाही. कॅन्टीनच्या चिप्सच्या मशीनने माझे चिप्स अडकवले, मी मशीनला ठोसा मारला, काच फुटली, हाताला टाके पडले आणि डीनने बोलवायच्या आत मी स्वतः कॉलेज सोडलं. याला निर्णय म्हणतात.
ग्वेल्फने दिलेली एकच चांगली गोष्ट म्हणजे ईशानी. ती अजून तिथेच शिकते, वीकेंडला स्कारबरोला घरी येते. आज वडिलांची गाडी घेऊन, मी कामाला आहे त्या टायर शॉपमध्ये विंटर टायर्स बसवायला आली. एवढी दुकानं असताना आमच्याच! चारही चाकं मीच बदलली. जाताना म्हणाली, जयदीप, रोज फोन नको करूस, प्लीज.
प्लीज म्हणाली. परक्या माणसाला कोणी प्लीज म्हणतं का?

१५ नोव्हेंबर
पार्किंगवरून एकाला मारलं. थोडंच. ठराव उद्यापासून.

२२ नोव्हेंबर, रविवार
ईशानीच्या घरी गेलो. टायर बदलल्यावर आठवड्याने नट पुन्हा आवळावे लागतात. हे खरंच आहे, बहाणा नाही. ती घरी नव्हती. तिचे वडील राजन अंकल भेटले.
हे लोक तमिळ, मदुराईच्या खालचे. जात मुडियार. मुडी म्हणजे मुकुट. अंकलनी जन्मभर पूल बांधले, आता रिटायर होऊन जातीचा इतिहास लिहितायत. मला बसवून सगळा सांगितला. एक राजा होता. दोन्ही हातांत तलवारी घेऊन लढला, घोड्यावरच मेला. मुलंबाळं रानात पळाली, शेती करू लागली. मुडियार म्हणजे त्यांचे वंशज. सांगता सांगता अंकलनी टेबलावर मूठ आपटली, कॉफी उडाली. मला शाळेत इतिहासात कधी पस्तीसच्या वर मिळाले नाहीत, पण आज अंगावर काटा आला. असा सासरा पाहिजे बे.
निघताना अंकल म्हणाले, तंबी (तमिळमध्ये धाकटा भाऊ, पोरांना असंच म्हणतात), माझी मुलगी राजाच्या रक्तातच जाईल. बाहेर नाही.
म्हणजे अडचण एकच. रक्त. बाकी सगळं जमलंय.

६ डिसेंबर, रविवार
ईशानीला ग्वेल्फहून आणायला-सोडायला अरविंद म्हणून एकजण असतो. व्हिटबीला इंजिनिअर आहे. चौकशी केली. राजन अंकलच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा निघाला. म्हणजे आतेभाऊ. भाऊच! जिवावरचं ओझं उतरलं. आईला सांगितलं तर म्हणाली, अरे, त्यांच्याकडे आतेभाऊ म्हणजे... मी म्हटलं, आई, भाजी करपतेय.
आज कुणालाही मारलं नाही. दुकान बंद होतं.

१९ डिसेंबर, शनिवार
मुडियार संघाचा वार्षिक मेळावा, शाळेच्या जिममध्ये. मला खास बोलावणं. खुर्च्या लावायलाच, पण खास. स्टेजवर प्लायवुडचा रंगवलेला राजा, माणसापेक्षा उंच.
अंकलचं भाषण फर्स्ट क्लास झालं. मग अरविंदने माइक घेतला. म्हणाला, मामा, माझी आजी वेगळंच सांगायची. आपण राजाच्या घोड्यांना चारा घालायचो. त्यात वाईट काय? घोडे उपाशी राहिले असते तर राजा लढाईला पायी गेला असता.
लोक हसले. मुडियार लोक, स्वतःच्याच राजावर हसले! अंकलचा चेहरा असा पडला की मला बघवेना. माझ्या हातात फोल्डिंग खुर्ची होतीच. फिरवली. अरविंद खाली वाकला, खुर्ची राजाला लागली, राजाचं मुंडकं उडून वड्यांच्या ट्रेमध्ये. मग मुठीने काम केलं. नाकावर. कट्ट असा आवाज आला. रक्त त्याच्या पांढऱ्या शर्टावर, माझ्या बाहीवर, पहिल्या रांगेतल्या एका आजींच्या शालीवर. तीन काका माझ्या पाठीवर बसले, तरी खालून मी ओरडत होतो, मुडियार झिंदाबाद! कुणी उत्तर दिलं नाही. बहुतेक हिंदी येत नसावं.
ईशानी नॅपकिन घेऊन धावली. अरविंदकडे. भावाला नॅपकिन देणारच.

२० डिसेंबर
राजन अंकलचा फोन! पोलिस नाहीत, काही नाही. म्हणाले, तंबी, इतकी वर्षं भाषणं करतोय. माणसं येतात, वडे खातात, पार्किंग कुठे विचारतात. आमच्या राजासाठी काल पहिल्यांदा कुणी रक्त सांडलं. (रक्त अरविंदचं होतं, पण अंकलना ते चाललं.) जाऊन राजाचं मुंडकं डक्ट टेपने बसवून दिलं. थोडं डावीकडे बघतोय. तरी राजा वाटतो.
घरात शिरलोय. आता वेळ किती लागतो तेवढंच.

९ जानेवारी २०१०
डाव्या हाताने लिहितोय.
अरविंद शॉपवर आला. मागच्या पार्किंगमध्ये बोलूया म्हणाला. बर्फ पडत होता. आवाज न चढवता म्हणाला, तिने तुला नाही म्हणून सांगितलंय. फोन बंद कर. मी म्हटलं, राजाची टिंगल करणाऱ्याचं मी ऐकत नाही. पहिला ठोसा माझाच, हे नोंदवून ठेवतो. पुढचा क्रम नीट आठवत नाही. खालचा एक दात गेला. ओठ फाटला. बरगडीला तडा. उजवं मनगट सुजून भोपळा. बर्फावर माझ्या रक्ताचा मोठा लाल डाग पडला होता, फोटो काढायला हवा होता. घोड्यांना चारा घालणारा हा माणूस युनिव्हर्सिटीत बॉक्सिंग करायचा, हे आधी सांगायला नको?
हॉस्पिटलला त्यानेच नेलं. माझी सीट गरम करायचं बटणही दाबलं. एवढा अपमान जन्मात झाला नाही. नर्सने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, बर्फावर घसरलो. अरविंद म्हणाला, दोनदा.
पण त्याचाही डोळा काळानिळा आहे. मामला बरोबरीत सुटला.

१७ जानेवारी
हसलं की बरगडी दुखते. हसायचं कारणही नाही. झोपून विचार केला आणि सापडलं!
अंकलच्या इतिहासात राजाला एक धाकटा भाऊ आहे. तो भांडून, पांढऱ्या घोड्यावर बसून उत्तरेला गेला, परत आलाच नाही. एक बहीणही आहे, तीही उत्तरेत कुणा सरदाराला दिली, तिचाही पत्ता नाही. मदुराईवरून बघितलं तर आमचं नागपूर उत्तरेलाच. आणि आमचं आडनाव घोडके. रक्ताचा प्रश्न सुटला. मीच राजाच्या रक्ताचा!
भावाच्या वंशातला व्हावं की बहिणीच्या, एवढंच ठरेना. ईशानीला फोन केला. पहिल्यांदाच तिने मधे न तोडता पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, भावाच्या. नक्की भावाच्या. जास्त स्ट्राँग वाटतं. आणि फोन ठेवताना थँक्यू म्हणाली.
आता आम्ही दोघं मिळून आहोत.

१४ फेब्रुवारी, रविवार
मुद्दाम हाच दिवस.
अंकलना सांगितलं, आमचे आजोबा सांगायचे, घोडके मूळचे दक्षिणेतले, पांढऱ्या घोड्यावरून आलेले. (आजोबा पोस्टात होते. घोड्याला घाबरायचे. पण विचारलं असतं तर सांगितलं असतं.) अंकल ताडकन उभे राहिले. घोडके म्हणजे? मी म्हटलं, घोडेवाले. अंकल रडायला लागले. मला मिठी मारली. बरगडी पुन्हा गेली, मी किंचाळलो, त्यांना वाटलं रक्ताची ओढ. अख्ख्या संघाला फोन केले. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण माझ्यावर. राजाशेजारी उभं करून माझा फोटो काढला.
मग मी त्यांच्या पाया पडून ईशानीचा हात मागितला.
अंकल हसले. खूप हसले. मग हसायचे थांबले.

१५ फेब्रुवारी
राजाच्या भावाचा वंश म्हणजे पंगाळी. आपल्याकडे भाऊबंद म्हणतात तसे. म्हणजे कितीही पिढ्या झाल्या तरी ईशानी माझी बहीण. लग्नाचा विचारही पाप. बहिणीच्या वंशातून आलो असतो तर चाललं असतं. चाललं असतं काय, पहिला हक्कच! अंकलच्या बहिणीचा मुलगा म्हणून अरविंदचा आहे तसा. त्यांचं दोघांचं कधीच ठरलंय. जुलैत लग्न.
मी म्हटलं, अंकल, चूक झाली, मी बहिणीकडचा. अंकल माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, तंबी, रक्त बदलता येत नाही.
घरी येऊन बेसमेंटचं दार फोडलं. बाबांचा प्रिंटर फोडला. भिंतीला ठोसा मारला, भिंत विटांची निघाली. हात प्लास्टरमध्ये.
बिचारी ईशानी. तिला स्वतःच्याच जातीचे नियम माहीत नाहीत, नाहीतर तिने बहीणच सांगितली असती.

२ जुलै २०१०, शुक्रवार
उद्या मांडव उधळायचा. शॉपमधून टायर आयर्न (टायर उचकटायची लोखंडी सळी) आणलंय. आधी अरविंदचे गुडघे, मग होमकुंड, मग ईशानीला घेऊन सरळ माँट्रियल. एका अक्षराचा बदल नाही.

३ जुलै, शनिवार
टायर आयर्न पँटच्या पायात खोचून आईबरोबर गेलो. पाय वाकत नव्हता. लोकांना वाटलं जुनी दुखापत, वाट करून देत होते.
अरविंदपर्यंत पोचलो, एवढ्यात राजन अंकलनी माझा हात धरून मांडवात नेलं आणि माइकवर सांगितलं, हा राजाच्या धाकट्या भावाचा वंशज, घरी परत आलाय. ईशानीला सख्खा भाऊ नाही. भावाचं काम हाच करेल. टाळ्या. त्या शालवाल्या आजीही टाळ्या वाजवत होत्या.
भावाचं काम म्हणजे नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या, ती त्या होमात टाकते. त्यासाठी मांडी घालून बसावं लागतं. टायर आयर्न काढून आईकडे दिलं. आईने काही न विचारता तांबूलाच्या पिशवीत नारळाशेजारी ठेवलं.
लाह्या घातल्या. तिच्याकडे न बघता, अंदाजाने. ईशानीने ओंजळ माझ्या हाताखाली सरकवली, एकही सांडू दिली नाही.
मग आई मागून म्हणाली, आपल्यात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, जयदीप. अंकलनी ऐकलं, खूश झाले, उत्तरेकडची प्रथा म्हणून माइकवर जाहीर केलं. अरविंदने स्वतः मान वाकवून कान पुढे केला. नाक अजून थोडं वाकडंच आहे त्याचं. कान माझ्या हातात आला. सगळा जोर बोटांत गोळा केला.
ईशानी म्हणाली, हळू, अण्णा.
हळू पिळला.