साहेब आले म्हणून

आई,

ताईचा फोन आला, तुझी अपंगांची पेन्शन बंद झाली म्हणे. तपासणीचा डॉक्टर खोलीत आला आणि तू टेबलाला धरून उठून उभी राहिलीस. वर म्हणालीस, "या साहेब, बसा." त्याने लिहिलं, आधाराशिवाय उभी राहते. मग तू कोसळलीस, ते बघायला तो थांबलाच नाही.

ताई म्हणते, "तिला बोलू नकोस, तिला वाटलं मोठा माणूस आलाय." मोठा कसला? एका ओळीत तुझ्या औषधांचे पैसे तोडले त्याने! इथे बांधकामाच्या साइटवर माझं कामात लक्ष लागत नाही.

पुढच्या वेळी बसून राहा, असं लिहायला बसलो होतो. पण हे पत्र पाठवत नाही. तू मलाच विचारशील, "हेच शिकवलं का मी तुला?"

तुझा,
धाकटा