साडेसहाची रिंग

मानाची बहीण फुआतिनो हिला थोरल्या भावाचा वाकून नमस्कार.

(थोरला असून वाकतो, कारण आपल्या बेटावर बहिणीपुढे भाऊ कितीही मोठा झाला तरी वाकूनच असतो. शिवाय या खेपेला वाकायला कारणही आहे, ते पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? त्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात अजून उभ्यानंच चादरींच्या घड्या घालाव्या लागतात का? ऑकलंडला आता कडाक्याची थंडी असेल, पायमोजे दोन-दोन घालत जा. इकडे माझी तब्येत ठणठणीत आहे. पाठ दुखते, डावा कान वाजतो, झोप लागत नाही, बाकी काही तक्रार नाही. डुकरीण व्याली. सात पिल्लं झाली, त्यातलं एक थेट आपल्या आत्याच्या चालीनं चालतं. नीरफणसाला यंदा खूप फळ आलंय, खायला माणूस नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. आपल्या घराला भिंती नाहीत हे पंचवीस वर्षांत विसरली नसशील. चौफेर खांब, वर छप्पर आणि सभोवती शेजारी. इथं फोनवर चार शब्द बोललं की पाचवा शब्द शेजारी सुचवतात. आणि मला जे सांगायचंय ते फक्त तुला सांगायचंय. शाळेतल्या बाईंची भाची मंगळवारी विमानानं येतेय, तिच्या हाती हे देतोय. (तिनं वाटेत वाचलं तर वाचू दे, ती तरुण आहे, तिला एवढ्या लांबड्या गोष्टीचा कंटाळा येईल.)

तर सुरुवात झाली जानेवारीत. तुझी वहिनी सोसे गेल्यापासून संध्याकाळी मी नुसता बसून असतो. भिंती नसल्यामुळे सगळ्यांची घरं दिसतात. आणि काय दिसतं? प्रत्येक घरात प्रत्येक जण खाली मान घालून फोनमध्ये बघतोय. पूर्वी रस्त्यानं माणूस चालला की चार घरांतून हाक यायची, 'या, जेवून जा!' आता मी मुद्दाम सावकाश चालत जातो, खोकतो, चप्पल फरफटवतो. एक मान वर होत नाही. त्याच सुमारास राजधानीतून एक साहेब आले आणि आम्हा घराण्याच्या प्रमुखाची पदवी असलेल्या लोकांना शाळेत बसवून दिवसभर व्याख्यान दिलं. आधुनिक समाजाचे प्रश्न आणि आपली जबाबदारी. तुमच्या शब्दाला वजन आहे, ते वापरा, असं ते माझ्याकडे बघून म्हणाले. (मी पहिल्या रांगेत होतो, डावा कान वाजतो म्हणून.) शेवटी एक प्रमाणपत्र आणि टोपी दिली. प्रमाणपत्र मी खांबाला लावलं, तिसऱ्या दिवशी वाऱ्यानं उडून डुकरिणीकडे गेलं.

पण वजन असल्याचं एकदा कळलं की माणसाला ते कुठंतरी टाकल्याशिवाय राहवत नाही. गावसभेत रिवाजाप्रमाणे आवाच्या मुळीचं कडवट पाणी पिऊन झालं, आणि मी ठराव मांडला: संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजल्यापासून, म्हणजे सव्वासहापासून, पावणेसातला तिसरा शंख होईपर्यंत गावात एकही फोन वाजता कामा नये. ज्या घरात वाजेल त्यानं डबाबंद मासळीचं एक खोकं सभेला द्यायचं. मी सुरेख बोललो गं. सोसे असती तर म्हणाली असती, आता बसा. कुणी विरोध केला नाही. आवा पिऊन झालेला ठराव वर्षभर मोडत नाही, हे तुला माहीत आहेच. पहिल्या आठवड्यात पाद्रीबाबांच्याच बायकोचा फोन वाजला आणि गावानं मासळी खाल्ली. माझी छाती दोन बोटं फुगली.

आता तू दर गुरुवारी साडेपाचला कामावरून सुटलीस की बस येईपर्यंत फोन करायचीस. आमच्याकडेही तेव्हा साडेपाचच, शंखाला पाऊण तास अवकाश. आठवड्यातलं माझं तेवढंच बोलणं-चालणं, हे मी तुला कधी म्हटलं नाही, आज म्हणतो. एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी साडेपाच वाजले, तुझा फोन नाही. सहा झाले. शंख झाला. गावची तरणी पोरं लुंग्या नेसून रस्त्यावर पहाऱ्याला उभी राहिली. फोन बंद कसा करतात ते मला येत नाही, म्हणून तो मी चटईवर ठेवून त्याच्यावर बसलो आणि प्रार्थनेला लागलो. बरोब्बर साडेसहाला माझ्या बुडाखाली कोंबडा आरवला.

(शेजारच्या मुलीनं रिंगच्या जागी कोंबडा घालून दिला होता. अण्णा, तुम्हाला लांबून ऐकू येईल, म्हणाली. आलं. सगळ्यांना आलं.) मी आवाज चढवून प्रार्थना म्हणू लागलो. तू थांबलीस आणि पुन्हा केलास. मी डोळे मिटूनच अंगणाच्या दिशेनं चप्पल भिरकावली, कोंबड्याला हाकलल्यासारखी. तू तिसऱ्यांदा केलास. देवाकडे मी त्या दिवशी जगातल्या एकूण एक देशाच्या भल्याचं मागणं मागितलं, फ्रान्सचंसुद्धा. मागाहून डोक्यात प्रकाश पडला: तुमच्याकडे एप्रिलमध्ये घड्याळं एक तास मागे सरकवतात. तू साडेपाचलाच केलास, इथं तेव्हा साडेसहा झाले होते. दर वर्षी होतं हे, आणि दर वर्षी मी म्हणतो, आज फुआतिनोला उशीर झाला.

सोमवारी सभा भरली. मी माझ्या खांबाला टेकून बसलो, आता कुणीतरी विषय काढील म्हणून. कुणी काढलं नाही. अलापाती, जो सभेत सगळ्यांच्या वतीनं बोलतो आणि एरवी कुणाला सोडत नाही, तो तासभर पाण्याच्या पाइपबद्दल बोलला. सगळे माझ्या टोपीकडे बघत होते. घरी येऊन मी शेजारच्या मुलीकडून फोन बंद करायला शिकलो आणि पुढच्या गुरुवारपासून शंखाआधी तो बंद करून ठेवू लागलो. नियम करणाऱ्यानं नियम पाळावा, एवढीच माझी अक्कल. एका शुक्रवारी बॅलन्स भरून मी उलट तुला लावला, पण तू धुलाईखान्यात असणार. एक बाई इंग्रजीत बोलली. मी तिला नमस्कार केला, डुकरिणीचं सांगितलं, ती काही बोलेना, म्हणून ठेवला.

सात गुरुवार असे गेले. आठव्याला मातालेना देवळाच्या पायरीवर भेटली. तिच्या भाचीनं तिकडून कळवलं होतं की फुआतिनो म्हणते, अण्णाला पदवी मिळाली, आता तो बहिणीचा फोन कशाला घेईल. फुआतिनो, त्या दिवशी माझं जेवण डुकरिणीला गेलं.

पुढच्या सभेत मी आवाची वाटी खाली ठेवली आणि म्हणालो, साडेसहाचा तो कोंबडा माझा होता. अलापाती म्हणाला, "अण्णा, अख्ख्या गावाला माहितीय ते. तुमच्याकडं कोंबडा आहे कुठं?" सगळे हसले. मग मी सांगितलं की फोन तुझा होता, आणि आता तो येत नाही. हसू थांबलं. मातालेना (तिला तिच्या घराण्याची पदवी आहे, म्हणून तीही सभेत बसते) खाली बघत म्हणाली, "माझा पोरगाही त्याच वेळेला करायचा. सगळेच तेव्हा सुटतात तिकडं. मी फोन तांदळाच्या डब्यात खुपसून बसते. तो वाजला की वरचे तांदूळ हलतात. तेवढं बघते." मग अलापातीनं आपल्या दोन्ही मुलींचं सांगितलं. मग त्याच्या शेजारच्यानं. अशी सभेला रांगच लागली. मी विचारलं, "अगं, मग बोललीस का नाहीस इतके दिवस?"

"तुमचा शब्द ना, अण्णा," मातालेना म्हणाली. "तुमच्या शब्दाला गाव मान देतं. आम्ही दिला."

साहेबांनी वजन वापरा म्हटलं होतं. ते कुणाच्या डोक्यावर ठेवलंय हे बघायला सांगितलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नाही. मी दोन खोकी मासळी दिली, एक रिंगचं आणि एक कोंबड्याचं. ठराव वर्ष संपेपर्यंत राहणार. खरं सांगतो, आता शंख झाला की प्रत्येक घरात माना वर असतात, पण एकमेकांकडे कुणी बघत नाही. सगळे आपापल्या तांदळाच्या डब्याकडे बघतात.

सर्वांना आशीर्वाद. पायमोजे विसरू नकोस.

तुझा भाऊ,
इओसेफो

ता. क. येत्या रविवारी तिकडच्या आपल्या देवळात प्रार्थनेनंतर उभी राहून सांग की गावी फोन करायचा तो साडेपाचला नाही, पावणेसहाला करा. तेव्हा इथं पावणेसात होतात, तिसरा शंख होतो. सगळा घोळ पंधरा मिनिटांचा आहे. तुझी बस तोवर येते, ठाऊक आहे. तू बसमध्ये बसून बोल. लोक बघतील तर बघू देत.

ता. क. २. कुणाच्या चुकीमुळे झालं ते सांगू नकोस. घड्याळामुळे, म्हण. (कुणी खोदून विचारलंच तर माझं नाव सांग.)

ता. क. ३. वर तब्येत ठणठणीत लिहिलंय त्याकडे लक्ष देऊ नकोस. हे पत्र तुला मिळेल न मिळेल, तू देवळात सांगशील न सांगशील. गुरुवारी फोन बंद करणार नाही. त्याच्यावर बसणारही नाही. मासळीचं आणखी एक खोकं आणून दाराशी ठेवलंय, दंड म्हणून आगाऊच. तू इथल्या साडेसहाला रिंग दे. उचलतो.