मिठबावचं मत

दिल्ली, ९ जुलै

ती. अक्कास, विश्रामचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. काल खासदारकीची शपथ घेतली. वेंगुर्ल्याहून निघताना आपल्या काजू कारखान्यातल्या बायकांनी ओवाळलं. कारखाना आता तुझी भावजय रसिका बघेल. भावोजींना सांग, डायलिसिससाठी कोल्हापूरच्या खेपा लवकरच थांबतील. पहिलं काम तेच करणार.

माया आहे तशीच ठेव.
तुझा विश्राम

मिठबाव, २० फेब्रुवारी (चार वर्षांनी)

चि. विश्रामास अनेक आशीर्वाद.

यांच्या तेराव्यालाही तू आला नाहीस. अधिवेशन होतं, असं रसिका म्हणाली.

तू फीत कापलेलं डायलिसिसचं मशीन इथल्या सरकारी दवाखान्यात दोन वर्षं प्लास्टिकमध्येच आहे. चालवायला माणूस नाही. तुला तीनदा कळवलं होतं. यांना कोल्हापूरला नेताना तळेऱ्याच्या पुढे धाप लागली. गाडी चालवणाऱ्या बाबूला म्हणाले, माका घराक व्हर. त्याने गाडी वळवली, पण घर काही गाठता आलं नाही.

जेवणखाण वेळेवर करत जा.
अक्का

वेंगुर्ले, १५ जून (पुढल्या वर्षी)

ती. अक्कास सा. न.

हरलो, हे कळलंच असेल. कारखान्यालाही टाळं लागलं. पाच वर्षं मी फिरकलो नाही, व्यापारी दुसरीकडे गेले. रसिका एकटी किती पुरणार? चाळीस बायका घरी बसल्या. त्यातली संचिता काल बाजारात दिसली आणि मला बघून रस्ता ओलांडून गेली. दिवसभर दारात कोणी येत नाही.

तुझ्या मिठबावातही मी मागे पडलो. तिथे तर मला सगळे अक्काचा भाऊ म्हणून ओळखतात. लोकांची मनं कोणी फिरवली, तेवढं कळव.

तुझ्याशिवाय आता कोणाला लिहू?
विश्राम

मिठबाव, २३ जून

चि. विश्रामास आशीर्वाद.

मनं कोणी फिरवली नाहीत. माझंही मत तुला नव्हतं. हे कोणालाच ठाऊक नाही, म्हणून मीच लिहिते.

रांगेत माझ्या मागे शेजारची गौरजा होती. भावाकच मत देतलंस मा, असं तिने विचारलं. मी मान हलवली. आत गेल्यावर तुझं चिन्ह बघितलं, नाव वाचलं आणि खालचं बटण दाबलं. आई गेल्यावर तुला मी वाढवलं रे. तरी हात थरथरला नाही, ह्याचंच मला रडू येतं.

रागावून असं केलं म्हणावं, तर रागही उरलेला नाही.

दार तुला बंद नाही. पण एवढ्यात येऊ नकोस. तुझ्यासमोर बसायचं बळ अजून माझ्यात नाही.

जिवाला जप.
अक्का